खडा तेवढा माझ्या पसंतीचा

"ताई, बोट सैल सोडा बरं," सोनार म्हणाला.

सैल कसलं सोडते! जीव मुठीत धरून बसले होते मी. हिंगोलीच्या सराफ्यातलं दुकान, बाहेर वैशाखाचं ऊन, आत एसीचा गारवा, पुढ्यात काळी मखमल घातलेलं तबक आणि त्यात अंगठीत बसवलेला एकटा हिरा. दुसरी कोणी असती तर लाजून हसली असती. मला तो हिरा चिमट्यानं उचलून समोरच्या नालीत टाकावासा वाटत होता.

गोष्ट एवढीच होती, की मला साखरपुडा लांबवायचा होता, आणि लांबवायला माझ्या हातात त्या खड्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

भरतीची परीक्षा मी हिवाळ्यात दिली होती. त्याआधीची कित्येक वर्षं अभ्यासिकेच्या लाकडी कप्प्यात बसून घालवलेली. पेपर चांगला गेला होता. उत्तरतालिका आली तेव्हा मी पुन्हा पुन्हा ताळा करून पाहिला. नाव यादीत यायलाच पाहिजे इतके मार्क होत होते. पण निकाल लागेल तर शपथ! आज लागतो, उद्या लागतो. कोणी म्हणे कोर्टात गेलंय, कोणी म्हणे वरच अडकलंय. इकडे निकाल अडकला आणि तिकडे माझं लग्न जमलं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. महादेवाच्या देवळात पूजेला असतात आणि लोकांना मुहूर्त काढून देतात, लग्नं लावतात. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "हे बघ, साखरपुड्याच्या आधी निकाल लागला आन तुझं नाव आलं, तर तू नोकरी कर. मी त्या लोकांला हात जोडून न्हाई म्हणतो. पण एकदा साखरपुडा झाला की मंग निकाल लागो का न लागो. मी लोकांची लग्नं लावणारा माणूस. माझ्याच दारातलं जमलेलं मोडलं तर कोन्या तोंडानं लोकांच्या मांडवात उभा राहू?"

माणूस शब्दाचा पक्का. शब्द दिला म्हणजे दिला, आणि घेतला तरी तसाच घेणार. मी "व्हय अण्णा" म्हटलं, आणि त्या दिवसापासून माझं सगळं आयुष्य एका प्रश्नावर येऊन टेकलं: आधी काय लागतं, निकाल का मुहूर्त?

मुलगा वाशिमचा. औषधांचं ठोक दुकान, दोन मजली घर, मोठ्या भावाचं लग्न झालेलं. माणूस वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू? पण त्याची आई! पहिल्याच बैठकीत पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाली, "आमच्याकडं सुना नोकरीले जात न्हाईत. काही कमी हाये का आमाले? पण अंगठी मात्र पोरीच्या पसंतीची. हिऱ्याची! मोठीले सोन्याची घातली होती, आता हिरा. आमच्या घरात पहिलाच हिरा येऊन राहिला." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. किती मोकळ्या विचारांची माणसं म्हणून आमच्या मावशीनं तर डोळ्याला पदर लावला.

नवरा त्यांनी निवडला, घर त्यांनी निवडलं, मी घरात बसायचं हेही त्यांनीच ठरवलं. माझ्या वाटणीला आला एक खडा. बरं बाई, म्हटलं, निवडते. सावकाश निवडते.

आणखी एक होतं. यंदा अधिक महिना आलेला. धोंड्याचा महिना. त्यात लग्न नाही, साखरपुडा नाही, जावयाला बोलवायचं आणि धोंडे खाऊ घालायचे एवढंच. म्हणजे तो लागेपर्यंत मी कसंही करून रेटून नेलं, तर पुढचा अख्खा महिना आपसूक माझा. तेवढ्यात निकाल लागला तर लागला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझी काडी पंचांगात होती.

पहिल्यांदा सोनारानं गोल हिरा काढला. राउंड. "ताई, शंभरातल्या नव्वद जणी हाच घेतात. चमक बघा." मी भिंग डोळ्याला लावून बराच वेळ पाहिल्यासारखं केलं. मला भिंगातून स्वतःच्या पापणीशिवाय काही दिसत नव्हतं. म्हटलं, "शंभरातल्या नव्वद जणी घेतात, मग मी कशाला घेऊ?" मुलाच्या आईला व्हिडिओ कॉल लावलेला होता. ती खूश झाली. "चोखंदळ हाये पोरगी!" म्हणाली. चोखंदळ! लग्नाच्या बाजारात हे कौतुक पंधरा दिवस टिकतं, पुढं त्याचंच नाव नखरेल होतं. पण तेव्हा मला पंधरा दिवससुद्धा सोन्यासारखे होते.

घरी आले आणि कामाला लागले. अभ्यासिकेत पंचायत राजच्या नोट्स बाजूला सारल्या आणि मोबाईलवर हिऱ्यांचे कट वाचायला बसले. चौकोनी हिऱ्याला प्रिन्सेस म्हणतात. त्याचे कोपरे टवका उडण्याच्या भीतीचे. लांबट गोल तो ओव्हल. कधी कधी त्याच्या मधोमध काळपट सावली पडते. पायऱ्या पायऱ्यांचा तो एमराल्ड. त्यात आतला डाग लपत नाही, उघडा पडतो. प्रत्येकात काही ना काही खोट आहे, फक्त ती शोधता आली पाहिजे. मी शोधली. माझ्या डोक्याला पाठांतराची सवय होतीच. शेजारच्या कप्प्यातली पोरगी म्हणाली, "काहून गं, अंगठीची पण परीक्षा हाय का तुझी?" मी म्हटलं, "हाय. आन यात नापास व्हायचं हाय."

सोनारानं प्रिन्सेस मागवला, मी कोपरे नाकारले. ओव्हल सुरतेहून आला, मी मधली सावली दाखवली. त्यानं खरोखर भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, "बराबर हाय ताई. तुमी तर माझ्या पुढं गेल्या." एमराल्ड आला, त्यात टाचणीच्या टोकाएवढा डाग मलाच सापडला आणि आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बघा काय वेळ आली होती! हिऱ्यात डाग सापडला म्हणून रडणारी मी एकटीच असेन. प्रत्येक खडा पसंतीसाठी यायचा, नापसंत झाला की परत जायचा, आणि जाण्यायेण्यात दिवस निघून जायचे.

दिवस जायचे, पण निकाल काही येत नव्हता. सकाळी उठल्याबरोबर संकेतस्थळ उघडायचं. नाही. देवपूजेच्या आधी. नाही. जेवताना ताटाखाली मोबाईल. नाही. केसांत कंगवा घातला की गुच्छ हातात यायचा. भाकरी घशाखाली उतरत नव्हती. न्हाणीघरात नळ मोठा सोडून मी रडायचे, आणि बाहेर आले की आई म्हणायची, "पाणी किती सांडतीस." बस्स. एवढंच.

आईचा मला फार राग यायचा त्या दिवसांत. सांगते, काहून. आमच्या आईला पसंती नावाची गोष्टच नव्हती. साड्या अण्णा आणायचे, ती नेसायची. भाजी कोणती करू, हे ती आम्हाला विचारायची आणि उरलेलं स्वतः खायची. माझ्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पंच्याला हात पुसत, आणि तिला कोणी विचारलं नाही, आणि तीही बोलली नाही. एकदा मी तिच्या अंगावर धावलेच. "तू तरी बोल की अण्णांपाशी! तुझ्या तोंडाला काय कुलूप हाय?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बोलून काय व्हतंय?"

"काहीच व्हत न्हाई तर जन्माला तरी काहून घातलं मला?"

हे बोलायला नको होतं, पण बोलले. खडे वेचून बाजूला ठेवत राहिली. मी पाय आपटत निघून गेले आणि दिवसभर तिच्याशी बोलले नाही.

मुलाचा अधूनमधून फोन यायचा. "तुला पाहिजे तो घे. घाई न्हाई आपल्याला," असं म्हणायचा. घाई नाही! मला वाटायचं, एकदा तरी विचार की बाबा, परीक्षेचं काय झालं. एकदा विचार, मी तुला सगळं सांगून टाकते. पण तो विचारायचा, "पिवळं सोनं आवडतं का पांढरं?" चांगला माणूस आणि ऐकणारा माणूस एकच नसतो, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

मग मी एक डोकं चालवलं. म्हटलं, असा काही खडा सांगावा की तो मिळूच नये. पेअर कट सांगितला. एका बाजूला गोल आणि दुसऱ्या बाजूला निमुळता, करडईच्या दाण्यासारखा. वर अटी घातल्या: लांबी-रुंदी अशीच पाहिजे, सावली नको, डाग नको, टोक बोथट नको. सोनारानं लिहून घेतलं. डोकं खाजवून म्हणाला, "ताई, असा मिळायला नशीब लागतं."

नशीबच ते माझं. मिळाला.

तोवर मुलाच्या आईचं कौतुक आटलं होतं. अण्णांनाही तिनं फोनवर सुनावलं, "गुरुजी, पोरगी खडा पाहून राहिली का आमाले खेळवून राहिली?" अण्णा लालेलाल झाले. पंचांग उघडलं आणि धोंड्याच्या महिन्याआधीचा शेवटचा मुहूर्त धरला. परवाचा. "उद्या सगळ्यांनी दुकानात जायचं," मला म्हणाले, "खडा आलाय, तुझ्याच पसंतीचा हाय. आता नाटकं पुरे." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मीच मागितलेला खडा माझ्या गळ्याशी आला होता.

तर ते दुकान, तो वैशाख आणि ते तबक. वाशिमहून मुलगा आणि त्याची आई गाडी करून आलेले. अण्णा माझ्या उजव्या हाताला, आई मागच्या स्टुलावर, पिशवी मांडीवर घेऊन. सोनारानं आमच्यासाठी उसाचा रस मागवला होता आणि कोणी पीत नव्हतं.

खडा अंगठीत घालून तयार होता. सोनारानं ती माझ्या बोटात सरकवली. बराबर बसली. ना घट्ट, ना ढिली. मी भिंग मागितलं. सावली नव्हती. डाग नव्हता. टोक अगदी मला पाहिजे तसं, बारीक आणि सरळ. मी हात दिव्याखाली फिरवला, आणि खरं सांगते, इतकं सुंदर काही माझ्या अंगावर आजवर कोणी घातलं नव्हतं. मला तो आवडला! यापेक्षा मोठी फजिती काय असेल? इतके दिवस मी खोटं खोटं नापसंत करत आले, आणि आता खोटं बोलायलाही जीभ रेटेना. ऐन दुकानात मांडीवरच्या ओढणीआड डाव्या... नाही, अंगठी डाव्या हातात होती, उजव्या हातानं मी मोबाईल उघडला. निकाल नाही. पान सुद्धा नीट उघडलं नाही, नुसतं गोल फिरत राहिलं.

"मंग?" मुलाची आई म्हणाली.

"बोल की," अण्णा म्हणाले. दबक्या आवाजात, पण त्यात धार होती.

मुलगा हसून म्हणाला, "छान दिसून राहिली."

मला खोट सापडत नव्हती. मी खोट शोधत होते, देवा, किती शोधत होते! डोक्यात पाठ केलेलं सगळं फिरत होतं, आणि काहीच लागू पडत नव्हतं. मनात आलं, ठीक आहे. संपलं. पदरी पडलं पवित्र झालं. किती जणींचं असंच झालं असेल, त्यांनी काय जीव दिला? डोळे भरून आले. मुलाच्या आईला वाटलं आनंदानं. ती सोनाराला म्हणाली, "पावती करा भाऊ."

मी मान खाली घालून 'व्हय' म्हणायला तोंड उघडलं.

"हा न्हाई चालायचा," मागून कोणीतरी म्हणालं.

पहिल्यांदा मला कळलंच नाही कोण बोललं. सोनारानं सुद्धा दाराकडं पाहिलं. आई उठून उभी राहिली होती. पिशवी पोटाशी धरलेली, आवाज थोडा कापत होता, पण ऐकू येईल इतका मोठा होता.

"काहून?" मुलाच्या आईनं विचारलं.

"ह्याला टोक हाय. टोकाचा खडा आमच्यात सवाष्णीच्या बोटात घालत न्हाईत. चालत न्हाई."

'आमच्यात चालत न्हाई' यापुढं आपल्याकडं कोणाचं काही चालत नाही. कोर्टात वकील लावता येतो, इथं कोण लागणार? मुलाच्या आईनं अण्णांकडं पाहिलं. "गुरुजी, असं हाये का? आमी तं कधी आयकलं न्हाई."

अण्णांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. त्यांनी आईकडं पाहिलं. अख्ख्या पंचक्रोशीला शास्त्र सांगणारा माणूस, आणि त्याच्या घरची रीत त्यालाच माहीत नाही! "हे... कुठं लिहिलेलं..." असं काहीतरी ते बोलू लागले.

"पोथीत न्हाई ते," आई म्हणाली. "बायकांचं असतंय. माझ्या आईनं सांगितलेलं."

आता अण्णांनी काय करावं? नाही म्हणावं तर होणाऱ्या व्याह्यांसमोर स्वतःच्या बायकोला खोटं पाडावं लागतं. त्यांनी उपरण्यानं कपाळ पुसलं, घसा खाकरला आणि लोकांच्या मांडवात शंभरदा सांगितलेलं तेच सांगितलं, "शास्त्राद् रूढिर्बलीयसी. रीत असंल तर मंग... पाळावी लागते."

मुलाची आई चिडली, पण शकुनाची भीती तिलाही होतीच. तिनं अंगठीकडं असं पाहिलं, की जणू ती चावणार होती. माझ्या बोटातून तिनंच काढायला लावली. "मंग गोल दाखवा भाऊ, लवकर." सोनारानं दुकानात होते ते गोल हिरे काढले, ते मोहरीएवढाले. "हे?" ती म्हणाली. "हे दाखवू मी पाव्हण्याले? सगळ्या गावाले सांगून ठेवलं म्या हिऱ्याचं!" मोठा गोल सुरतेहूनच यायचा होता, आणि त्याला आठवडा तरी लागणार होता. मुलगा म्हणाला, "सोन्याची घालू आत्ता, हिरा मागाहून..." त्याच्या आईनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. माझ्या त्या होणाऱ्या सासूला मी आयुष्यात एकदाच मनातून हात जोडले, ते तेव्हा.

"मंग धोंड्याचा महिना सरल्यावर," अण्णा म्हणाले. दुसरं काही म्हणण्यासारखं राहिलंच नव्हतं.

वाशिमची गाडी गेली. अण्णा स्कूटर काढून देवळाकडं निघून गेले. घरी त्यांचा दुर्वासाचा अवतार बघायचा होताच, पण तो संध्याकाळी. आई आणि मी रिक्षात बसलो. बाजार समितीकडून हळदीच्या पोत्यांचे ट्रॅक्टर येत होते, रिक्षा अडकली होती. आईनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून मला दिली. मी प्यायले. मग तिनं घेतली आणि अर्धी बाटली एका दमात संपवली.

मी विचारलं, "आई, आपल्यात खरंच चालत न्हाई का गं टोकाचा खडा?"

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "आपल्यात हिरा घेतलाय कोणी आजवर?"

मला हसू फुटलं आणि हसता हसता रडायला आलं, इतकं, की रिक्षावाल्यानं आरशातून पुन्हा पुन्हा पाहिलं. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. तिनं ते दूर केलं नाही, पण थोपटलंही नाही. ती समोरच्या ट्रॅक्टरकडं बघत होती आणि तिचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला होता.

"एक महिना मिळाला तुला," ती म्हणाली. "पुढच्या बारीला मला काही सुचायचं न्हाई."